प्रसारण, अगदी सोप्या शब्दांत

२६ फेब्रुवारी, गुरुवार

ताजी बातमी: मालिका मला मिळाली. दुजोरा: खुद्द केंद्रप्रमुख साहेब. ठिकाण: रेडिओ केंद्राचा जिना. ते उतरत होते, मी चढत होतो. न थांबता म्हणाले, नवशिक्यांना प्रसारण म्हणजे काय ते समजावून सांगायचंय, अगदी सोप्या शब्दांत. मार्चमधले चार बुधवार, संध्याकाळी पाच ते सव्वापाच. बघा जमतंय का.

जमतंय का. हयात माइकसमोर गेली आणि हा माणूस जिन्यात विचारतो, जमतंय का.

महत्त्वाचं पुढेच. ३१ मार्चला मी निवृत्त होतो. एप्रिलमध्ये नवी भरती येणार, त्यांना शिकवायला प्रशिक्षक लागणार, आणि ती जागा निवृत्त होणाऱ्याला एका वर्षाच्या मुदतवाढीवर देता येते. साहेब खालच्या पायरीवरून म्हणाले, मालिकेला श्रोत्यांचा प्रतिसाद कसा येतो ते बघू, मग ठरवू.

म्हणजे ठरलंच.

मुदतवाढ हवीच आहे. घरी बसणं शक्य नाही. घरी सासूबाई आहेत.

बोलताना जिन्याच्या कठड्याला हात लागला. चिकट होता. कशाने, हा विचार जेवताना करायचा नाही असं ठरवलं आणि जेवताना तोच केला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

संकल्प: एकही अवघड शब्द वापरायचा नाही. ऐकणारा अडाणी आहे असं समजूनच बोलायचं. हे मला सोपं जाईल.

रात्रीपर्यंत पहिलं वाक्य तयार. "प्रसारण म्हणजे ध्वनिसंकेतांचे विद्युतचुंबकीय लहरींच्या माध्यमातून होणारे एकदिश सार्वत्रिक संक्रमण." याहून सोपं करणं म्हणजे विषयाचा अपमान.

बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, म्हणजे इथे बोललं की तिथे ऐकू येतं, एवढंच ना?

एवढंच. अशा लोकांसाठी मी घसा फोडणार आहे.

१ मार्च, रविवार

उदाहरण सुचलं. कपडे वाळत घालायची दोरी. दोरी म्हणजे वाहक लहर, तिच्यावर अडकवलेले कपडे म्हणजे आवाज. दोरी जोरात हलवली की कपडे या टोकाकडून त्या टोकाकडे सरकतात. झालं प्रसारण. लहान पोराला कळेल.

गॅलरीत प्रात्यक्षिक केलं. सासूबाईंची दोन लुगडी खालच्या मजल्यावर गेली. बायकोचं म्हणणं, पलीकडच्या टोकाला कपडे काढून घ्यायला कोणी उभं नसेल तर दोरी हलवून काय मिळवलंत? तिला सांगितलं, ते 'ग्रहण'. तो वेगळा विषय, माझ्या मालिकेत नाही.

लुगडी आणायला मलाच पाठवलं. खालच्यांच्या गॅलरीत कुत्रं बांधलेलं असतं. आणखी लिहवत नाही.

३ मार्च, मंगळवार

स्टुडिओची पाहणी केली. किळस आली.

माइकवरचा स्पंज: गेल्या कित्येक वर्षांत जे जे कोणी 'प' आणि 'फ' म्हणालं, त्या सगळ्यांची थुंकी त्यात मुक्कामाला आहे. हेडफोनला खोबरेल. भिंतीच्या गादीवर टेकलेल्या डोक्यांचे डाग, एकेका डागाचा मालक मी ओळखतो. आणि यंत्रांच्या टेबलावर, बटणांच्या फटीफटीत, शेंगदाण्यांची सालं. कारण आमचा ऑपरेटर. मी त्याला दाणेवाला म्हणतो, मनात. तो खिशातून दाणे काढतो, चोळतो, फुंकतो आणि त्याच बोटांनी माझा आवाज वरखाली करतो.

संकल्प: माझ्या कार्यक्रमाच्या वेळी आत कोणी नको. यंत्रं मीच चालवीन.

४ मार्च, बुधवार, दुपारी

दाणेवाल्याला सांगितलं, पाच ते सव्वापाच बाहेर थांबा. त्याला वाईट वाटलं असं दिसलं नाही. म्हणाला, बरं झालं, चहा होईल. मग दारातून परत आला. म्हणाला, पण साहेब, टेकडीला फोन करायचं तेवढं बघा.

हे 'टेकडीला फोन' प्रकरण लिहून ठेवतो, म्हणजे या केंद्राचा रानटीपणा पुढे कधी कोणी विचारला तर सांगता येईल. ट्रान्समीटर गावाबाहेर टेकडीवर. तिथून एरवी दिवसभर मुख्य केंद्राचे कार्यक्रम हवेत जातात. आपला कार्यक्रम असला की पाच मिनिटं आधी स्टुडिओतून टेकडीला फोन करून म्हणायचं, आमची लाईन घ्या. मग टेकडीवरचा इंजिनियर खटका फिरवतो. फोन नाही केला तर तो फिरवत नाही. आजच्या युगात.

आणि तो फोन. काळा, जड, तोंडाशी धरायच्या भोकांतून दाणे आणि दातांचा वास येतो. तो मी ओठांजवळ नेणार नाही. शिवाय पलीकडे टेकडीवाला. मागे एकदा त्याने सगळ्यांसमोर सांगितलं होतं की माझ्या बोलण्यात आवाज कमी आणि हवा जास्त असते. त्याला मी विनंती करायची, आमची लाईन घ्या?

वेळापत्रक छापलेलं आहे. ते आमच्या भिंतीवर लावलंय. टेकडीवरही भिंत असणारच.

४ मार्च, बुधवार, संध्याकाळी ६

पहिला भाग पार पडला. टेबल स्पिरिटने पुसलं, स्पंज काढून कचऱ्यात टाकला, माइकला माझा धुतलेला रुमाल बांधला.

ऐकण्यासाठी दोन बटणं असतात. 'स्टुडिओ' दाबलं की टेबलावरून निघणारा आवाज ऐकू येतो, स्वच्छ. 'हवा' दाबलं की साध्या रेडिओवर जे पोहोचतं ते ऐकू येतं, आणि त्यात कढईत काहीतरी तळत असल्यासारखी खरखर असते. ती मला सहन होत नाही. मी 'स्टुडिओ'वर ऐकलं. काय आवाज लागला होता आज. दोरीचं उदाहरण फार परिणामकारक झालं. मला स्वतःला नव्याने कळलं.

शेवटी सांगितलं, काही समजलं नसेल तर केंद्राला फोन करा.

५ मार्च, गुरुवार

एकही फोन नाही. म्हणजे सगळ्यांना सगळं समजलं. पहिल्याच भागात. इतकं मलाही अपेक्षित नव्हतं.

घरी मात्र वेगळा सूर. बायको म्हणे, पाचला रेडिओ लावून बसलो, तुम्ही आलाच नाहीत. कोणी डॉक्टरबाई केसांची निगा कशी राखावी ते सांगत होत्या. सासूबाई म्हणाल्या, छान सांगत होत्या हो, आवाजही स्वच्छ. या 'ही'चा रोख मला कळला.

चुकीचं स्टेशन लावलं होतं. स्वयंपाकघरातला तो रेडिओ फोडणीच्या तेलाने इतका माखलाय की काटा कुठे आहे ते कोणाला दिसणार. किळसवाणी वस्तू.

७ मार्च, शनिवार

मेहुणा आला. पायातले बूट न काढता. गादीवर पाय घेऊन म्हणाला, भाऊजी, बुधवारी ऐकलं बरं का तुमचं केंद्र. मी म्हटलं, कसं वाटलं? म्हणाला, ओल्या केसांत कंगवा फिरवायचा नसतो हे मला माहीतच नव्हतं.

मग माझ्या डोक्याकडे बघून म्हणाला, तुम्हाला काय, तुम्ही निर्धास्त.

आई, लेक, मुलगा. तिघांचाही काटा एकाच चुकीच्या जागी. हे रक्तातच असणार.

९ मार्च, सोमवार

शेवटी जाणकार श्रोता भेटला. कोपऱ्यावरचा औषधवाला. खोकल्याची गोळी देताना म्हणाला, बुधवारी पाचला तुमच्या रेडिओवर जे लागतं ना, फार सोपं करून सांगतात. मिसेसनी लगेच सुरू केलं.

मी विनयाने मान हलवली. काय सुरू केलं ते विचारायचं राहिलं. अभ्यास, बहुधा.

संकल्प: हा प्रतिसाद साहेबांच्या कानावर घालायचा. औषधवाला सुशिक्षित माणूस आहे. नखं मात्र वाढलेली. गोळी टाकून दिली.

११ मार्च, बुधवार

दुसरा भाग. विषय: लहरींची लांबी आणि वारंवारिता, गृहिणींसाठी.

मध्येच कोपर लागून 'हवा'चं बटण दाबलं गेलं. खरखर, आणि तीत एक बाई कोंड्याबद्दल बोलत होती. ताबडतोब 'स्टुडिओ' दाबलं. म्हणजे आता दुसऱ्या कुठल्या तरी स्टेशनच्या लहरी आमच्यात घुसायला लागल्या आहेत. टेकडीवाला वर बसून करतो काय? बहुतेक झोपतो. मी हे लक्षात ठेवलं आहे. प्रशिक्षक झालो की नव्या पोरांना पहिल्याच तासाला टेकडीवर नेऊन दाखवीन, इंजिनियर कसा नसावा.

व्यत्यय येऊनही माझा तोल गेला नाही. मी बाईच्या वरताण बोललो.

१२ मार्च, गुरुवार

आजही एक प्रश्न नाही. शंभर टक्के आकलन.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. प्रतिसाद कसा आहे? मी सांगितलं, औषधवाल्याच्या घरी सुरू झालंय, बाकी सर्वत्र शांतता. शंका उरली की माणूस फोन करतो, फोन नाही म्हणजे शंका उरलेली नाही. साहेबांनी कपाळाला हात लावला. भारावले होते.

म्हणाले, हे बघा, एक तरी फोन दाखवा मला. वरच्यांना काहीतरी दाखवावं लागतं. नाहीतर तुमचा कागद मी पुढे ढकलू शकत नाही.

त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर टॉवेल असतो. कधी धुतात, देव जाणे. मी तिकडे बघायचं टाळलं आणि बाकी नीट ऐकू आलं नाही.

१५ मार्च, रविवार

विचार केला. लोकांना माझं बोलणं समजतं आहे. पण ज्यांचा काटाच चुकलाय त्यांचं काय? सासूबाईंसारखी घरं अनेक असणार. फोन येत नाही तो त्यांच्यामुळे.

म्हणून सुरुवात घरापासून. स्वयंपाकघरातला रेडिओ पेपरवर ठेवून स्पिरिटने साफ केला. बोळे काळे झाले. तेल निघालं. तेलाबरोबर काट्यामागचे आकडेही निघाले. आता कोणतं स्टेशन कुठे ते मलाही कळत नाही, पण रेडिओ स्वच्छ आहे.

सासूबाई बोलत नाहीत. हा फायदाच.

बायकोने काटा डोळे मिटून फिरवला आणि पहिल्याच फटक्यात एका जागी थांबवला. म्हणाली, हे तुमचं केंद्र, इतकी वर्षं लावतेय, हाताला सवय आहे. तिला वाटतं तिने आमचं केंद्र लावलं. बिचारी.

१८ मार्च, बुधवार

तिसरा भाग बदलला. ठरलेला विषय 'स्टुडिओची रचना' बाजूला ठेवून आज सांगितलं: 'आपल्याला माझा कार्यक्रम ऐकू येत नसल्यास काय करावे'. काटा कसा फिरवावा, एरिअल कशी ताठ करावी, रेडिओ खिडकीजवळ कसा न्यावा. ज्यांना मी अजिबात ऐकू येत नाही, त्यांच्याशी थेट बोललो. मला वाटतं प्रसारणाच्या इतिहासात कोणी हे केलं नसेल.

बाहेर आलो तर दाणेवाला बाकावर चहा पीत होता. दाण्याचं साल ओठाला चिकटलेलं. विचारलं त्याने, टेकडीचा फोन लागतो ना साहेब वेळेवर? कधीकधी डायल अडकते त्याची. मी म्हटलं, तुम्ही आत नसलात की सगळं वेळेवर होतं. तो म्हणाला, मग उत्तम, मला आपली काळजी होती.

कसली काळजी? स्वतःच्या महत्त्वाची. यांना वाटतं यांच्याशिवाय चालत नाही.

२० मार्च, शुक्रवार

मोठी बातमी, दुजोरा साहेबांच्या केबिनमधूनच. बुधवारी मुख्य केंद्रातून एक वरिष्ठ बाई येणार. प्रशिक्षकाच्या जागेवर शेवटची सही त्यांची. साहेब त्यांना केबिनमध्ये बसवून, टेबलावरच्या रेडिओवर, माझा चौथा भाग ऐकवणार आहेत. साहेब म्हणाले, फोन राहू देत, त्या स्वतःच ऐकतील. यापेक्षा जास्त मी तुमच्यासाठी काही करू शकत नाही.

माझ्यासाठी. जसा काही उपकार.

बायकोला सांगितलं, पुढचं वर्ष मी घरी नसणार. ती म्हणाली, नक्की ना? तिच्या चेहऱ्यावर काळजी होती असं म्हणायला हरकत नाही.

२५ मार्च, बुधवार, सकाळी

नवा शर्ट. आवाज उत्तम. माइकला नवा रुमाल. आजचा विषय: 'प्रसारणात सर्वांत महत्त्वाचे काय?' उत्तर: वक्त्याचे व्यक्तिमत्त्व.

२५ मार्च, संध्याकाळी ६.३०

मालिका संपवून, रुमाल घडी करून खिशात घालून, साहेबांच्या केबिनचं दार ढकललं. चेहऱ्यावर विनय ठेवला होता.

रेडिओ चालू. डॉक्टरबाई श्रोत्यांचे आभार मानत होत्या.

वरिष्ठ बाई हसतमुख. म्हणाल्या, अहो, आमची केसांची मालिका तुमच्याकडे इतक्या आवडीने ऐकतात हे आम्हाला माहीतच नव्हतं. पण तुमचे ते कुठे आहेत, ज्यांना आपण ऐकणार होतो?

साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मग विचारलं, टेकडीला फोन कोणी केला?

मी म्हटलं, वेळापत्रक लावलेलं आहे.

साहेबांनी परत विचारलं. मी म्हटलं, तो प्रश्न मुळात दाणेवाल्याचा. नाव तोंडातून निघून गेलं. बाईंनी विचारलं, दाणेवाला कोण? सगळं सांगावं लागलं: दाणे, सालं, स्पंज, बाहेर काढणं, फोनची भोकं. जसजसं सांगत गेलो तसतशी बाईंची खुर्ची मागे सरकत गेली.

साहेबांनी टेकडीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. टेकडीवाला शांतपणे म्हणाला, फोन आला नाही म्हणून मी मुख्य केंद्रच चालू ठेवलं. चारही बुधवार. मला वाटलं यांचा कार्यक्रम रद्द झाला. खात्री करून घ्यावी असं मनात आलं होतं, पण म्हटलं, चांगली बातमी आहे, कशाला खोलात जा.

बाई हसल्या. साहेब हसले नाहीत. ते हसू आवरत होते असं नंतर वाटलं.

२६ मार्च, गुरुवार

शांतपणे विचार केला. तांत्रिकदृष्ट्या मालिका झाली. मी बोललो, माइकने घेतलं, टेबलावरून आवाज गेला. पुढे तो टेकडीने घेतला नाही, हा ग्रहणाचा दोष. ते खातं माझं नाही.

बायकोला हे सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, म्हणजे चार बुधवार तुम्ही बंद खोलीत, माइकला रुमाल बांधून, एकटेच बोलत होतात?

मी म्हटलं, हे फार ढोबळ झालं.

सासूबाई बोलायला लागल्या. म्हणाल्या, मग घरी बसून बोलायला काय हरकत होती, इथे निदान कोणी ऐकलं नाही असं सांगायला तरी आम्ही होतो.

२८ मार्च, शनिवार

साहेबांकडे मागणी केली: चारही भागांचं ध्वनिमुद्रण आहे, ते फोन करून परत लावा. फोन कोणीही करो. साहेब म्हणाले, बुधवारची पाचची वेळ आता मिळणार नाही. आपल्या भागातून मुख्य केंद्राला डॉक्टरबाईंसाठी इतके फोन गेले की त्यांच्या मालिकेला मुदतवाढ मिळाली.

मुदतवाढ. हाच शब्द वापरला त्यांनी. माझ्याकडे बघून वापरला.

मग प्रशिक्षकाचं काय, असं विचारलं. ते म्हणाले, टेकडीवाल्याला सांगितलंय. महिनाभर तोच घेईल तास.

टेकडीवाला. ज्याच्या कानात खाज येते म्हणून तो सगळ्यांसमोर पेन्सिल घालतो आणि तीच पेन्सिल सहीला देतो. त्याच्या हाताखाली प्रसारणाची पुढची पिढी.

३१ मार्च, मंगळवार

निरोप झाला. खोली छोटी, पंखा बंद, सगळ्यांना घाम. चहाच्या कपाला कोणाचे तरी ओठ उमटलेले, मी कडेने पिऊन दाखवला. दाणेवाल्याने पुडी पुढे केली. घेतली नाही. मग सगळे बघत होते म्हणून एक दाणा घेतला. तो अजून शर्टाच्या खिशात आहे.

मी बोलायला उभा राहिलो. मुद्दे बरेच होते. साहेब म्हणाले, थोडक्यात घ्या, पाचला ऑफिसातल्या पोरींना रेडिओ ऐकायचा असतो. आज मंगळवार आहे हे माझ्या लक्षात आलं, पण तोपर्यंत टाळ्या झाल्या होत्या.

तरीही शेवटी माझी गरज पडलीच. खाली उतरताना साहेबांनी जिन्यातच सांगितलं, नव्या भरतीचा पहिला तास येत्या सोमवारी, अकरा वाजता. विषय 'टेकडीला फोन का करायचा'. तुम्ही या. काय झालं ते पोरांना स्वतःच्या तोंडाने सांगा. अगदी सोप्या शब्दांत.

पाहुणा व्याख्याता म्हणून माझी ही पहिलीच वेळ. बायकोला तसं सांगितलंय. सोमवारी फाटकावर 'बाहेरची व्यक्ती' म्हणून सही करून आत जावं लागेल. पहिली दहा मिनिटं माझी. नंतर टेकडीवाला तास घेईल आणि तेव्हा मी थांबलो नाही तरी चालेल, असं साहेबांनी दोनदा सांगितलं.